एक्सटी६० कनेक्टर सोल्डर करताना प्लास्टिक वितळतंय, पिन तिरकी होतेय. नक्की चुकतंय कुठे?

उडता_दगड
नमस्कार मंडळी, आरसी (रिमोट कंट्रोल) विमानांचा नाद लागलाय आणि गाडं सोल्डरिंगपाशी येऊन अडलंय. माझ्याकडच्या ३एस लायपो (एकापुढे एक जोडलेल्या तीन लिथियम पॉलिमर सेलच्या) पॅकना जुने टी टाइप डीन्स कनेक्टर आहेत, विमानातल्या ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) एक्सटी६०, त्यामुळे मधे ॲडॉप्टर आणि त्या ॲडॉप्टरला अजून एक ॲडॉप्टर अशी वरात निघते, म्हणून ठरवलं की सगळं एक्सटी६० वर आणून टाकायचं. बॅटरीला अजून हात लावलेला नाही, सध्या सुटे कनेक्टर आणि १४ गेज सिलिकॉन वायरचे तुकडे घेऊन नुसता सराव चाललाय.

तर होतं असं की पिनच्या मागच्या कपात सोल्डर पसरतच नाही, गोळी होऊन वर बसतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न तसंच टेकवून धरतो, मग पंधरा वीस सेकंदांनी थोडं वितळल्यासारखं वाटतं, तोवर पिवळ्या प्लास्टिकचा वास यायला लागतो आणि पिन हळूच एका बाजूला कलते. मग मेल आणि फिमेल एकमेकांत जातच नाहीत. व्हिडिओत तर लोक तीन सेकंदांत मोकळे होतात! माझं आयर्न २५ वॅटचं, पेन्सिलसारख्या टोकदार बिटचं. प्लास्टिक वितळतंय म्हणजे उष्णता जास्त होतेय ना? मग अजून कमी वॅटचं घेऊ का? आणि आयर्नबरोबर डबीत एक पिवळट पेस्ट आली होती ती फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ते) म्हणून चालेल का?

ता.क. "वायर लावलेले तयार कनेक्टर मिळतात ते घे" असं कृपया कोणी सांगू नका, मला हे शिकायचंय.

रिकामटेकडा
तयार मिळतात की वायर लावलेले. 😁 हलके घ्या.

कथीलकाका
दगडराव, निदान उलटं झालंय. प्लास्टिक वितळतंय ते उष्णता जास्त आहे म्हणून नाही, कमी पडतेय म्हणून. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं पण नीट बघा काय होतंय ते.

१४ गेजच्या चांगल्या सिलिकॉन वायरमधे ०.०८ मिमीच्या साधारण ४०० तारा असतात, सगळं मिळून दोन चौरस मिलिमीटर तांबं. त्यात एक्सटी६० ची पिन, तीही चांगली जाडजूड, तिचा पुढचा भाग ३.५ मिमीचा. तुमचं २५ वॅटचं टोकदार बिट तिथे टेकलं की बिटात साठलेली सगळी उष्णता हे तांबं पहिल्या एक दोन सेकंदांत पिऊन टाकतं आणि बिटाचं तापमान धाडकन खाली येतं. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ डिग्रीला वितळतं. जोड तिथपर्यंत पोचतच नाही, किंवा कसाबसा पोचून तिथेच घुटमळतो. तुम्ही वाट बघत बसता, आणि तेवढ्या वेळात उष्णता पिनमधून सावकाश नायलॉनच्या बॉडीत उतरते. पिनला धरून ठेवणारं प्लास्टिक मऊ झालं की पिन जिकडे जोर पडेल तिकडे कलणारच.

मोठं आयर्न काय करतं, तर जोडाला दोन तीन सेकंदांत गरजेच्या तापमानाला नेतं आणि प्लास्टिकला बातमी लागायच्या आत काम उरकतं. म्हणजे कमी वॅट हवा हा विचार डोक्यातून काढा. ६० वॅट किंवा वर, तापमान सेट करता येणारं, आणि मुख्य म्हणजे बिट चपटं, छिन्नीसारखं, निदान ३ मिमी रुंद. टोकदार बिट सर्किट बोर्डावरच्या बारीक कामाला ठीक, इथे त्याचा नुसता टिंब टेकतो आणि टिंबातून उष्णता जाणार किती? माझा स्वतःचा अनुभव, लोक वॅटच्या मागे लागतात आणि बिट बदलत नाहीत. ६० वॅटचं आयर्न टोकदार बिट लावून वापरलं तर निम्मी मजा गेली.

तापमान ३७० ते ४०० ठेवा. कोणीतरी आता येऊन ३२० सांगेल, बोर्डासाठी ते बरोबरच आहे.

रिकामटेकडा
थोडक्यात मेणबत्तीवर हंडाभर पाणी तापवताय तुम्ही.

तारामती
काकांना +१. आता हाताचं काम सांगते कारण आयर्न बदललं तरी पद्धत चुकली तर पिन कलेलच.

पहिली गोष्ट, कनेक्टर कधीही एकटा सोल्डर करायचा नाही. मेलवर काम करत असाल तर त्यात फिमेल घालून ठेवा, फिमेलवर असाल तर मेल. दोन फायदे, एक म्हणजे प्लास्टिक थोडं मऊ झालं तरी समोरची पिन हिला सरळ धरून ठेवते, आणि दुसरं म्हणजे जास्तीची उष्णता थोडी पुढच्या धातूत जाते. हा जोडीदार कनेक्टर पूर्ण कोरा हवा, त्याला कसलीही वायर नको. आत्ता सरावात फरक पडणार नाही पण बॅटरीच्या वेळी पडेल, म्हणून सवय आत्ताच लावा.

कनेक्टर धरायला लोखंडी व्हाइसचा जबडा नको, तो उष्णता खातो. मी लाकडाच्या ठोकळ्याला खाच पाडून त्यात बसवते, कप वर तोंड करून.

मग श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) वायरवर ओवून घ्या आणि लांब मागे सरकवा, हाताच्या अंतरावर, नाहीतर जोड करताना तिथेच आवळून बसते. (हे सगळेच विसरतात, विसरल्यावर आठवतं.) इन्सुलेशन कपाच्या खोलीइतकंच सोला, एक दोन मिमी जास्त चालेल. तारा एकाच दिशेने पीळ देऊन घट्ट करा, एकही बाहेर सुटलेली नको.

आता टिनिंग, म्हणजे वायरला आधीच सोल्डर पाजून घेणं. बिटावर आधी थेंबभर ताजं सोल्डर घ्या, ओलं बिट लागलं की उष्णता पटकन जाते, कोरडं बिट नुसतं टेकून राहतं. वायरच्या खालून बिट लावा, वरून सोल्डरची तार लावा. बिटाला नाही हं, वायरला. वायर पुरेशी तापली की सोल्डर तारांच्या मधे शोषलं जाताना दिसतं, वरची टोकाकडची तारांच्या पिळाची नक्षी अजून दिसत असतानाच थांबायचं. सगळं गुळगुळीत दांडकं झालं म्हणजे जास्त झालं.

मग कप. बिट कपाच्या बाहेरच्या भिंतीला चपटं टेकवा, आत सोल्डर सोडा, साधारण अर्धा भरेपर्यंत. काठोकाठ भरलात तर वायर आत जाताना ओसंडून बाजूच्या पिनपर्यंत ओघळ जातो. आता कपातलं सोल्डर वितळलेलंच ठेवून टिन केलेली वायर वरून सरळ आत घाला. इथे एक क्षण असा येतो की वायर आधी रुतल्यासारखी अडते, कारण थंड वायरने कपातलं सोल्डर गोठवलेलं असतं. घाई करून दाबायचं नाही, बिट तसंच ठेवायचं, एक दीड सेकंदात पुन्हा सगळं चमकतं आणि वायर स्वतःहून तळाशी जाऊन बसते, हाताला कळतं. तेव्हाच बिट काढायचं आणि वायर अजिबात न हलवता धरून राहायचं, चमक जाऊन थोडं मंद होईपर्यंत. फुंकर मारू नका.

दुसऱ्या पिनला लगेच हात घालू नका. कनेक्टर बोटाला कोमट लागेपर्यंत थांबा.

उडता_दगड
काका, ताई, दंडवत! मला वाटत होतं हात थरथरतोय म्हणून होत नाहीये. एका मित्राकडे ते छोटं पेनासारखं डिजिटल आयर्न आहे, त्यावर ६५ वॅट लिहिलंय, तो १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालवतो. ते मागून आणू का? आकाराने तर माझ्यापेक्षा लहान आहे.

ओहमदेव
आणा, पण ॲडॉप्टर बदलून. त्या आयर्नच्या बिटात हीटर असतो आणि त्याचा रेझिस्टन्स ठरलेला असतो, समजा ८ ओहम. वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १२ व्होल्टला १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॅट. २४ व्होल्टला ५७६ भागिले ८, म्हणजे ७२. म्हणजे तोच दांडा, तेच बिट, आणि मित्र १२ व्होल्टवर चालवतोय म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या २५ वॅटवाल्यापेक्षाही कमी ताकद. स्क्रीनवर ४०० डिग्री दाखवेल, खोटं नाही दाखवणार, पण कपाला टेकलं की आकडा घसरत जाईल आणि परत वर यायला वेळ लागेल. तो आकडा घसरताना बघणं हेच खरंतर चांगलं शिक्षण आहे. २० किंवा २४ व्होल्टचा सप्लाय लावा, टायटलमधलं रडगाणं थांबेल.

लहान आकाराला घाबरू नका, त्यांचा हीटर आणि सेन्सर अगदी टोकाजवळ असतो त्यामुळे प्रतिसाद झटपट असतो. चपटं बिट मात्र हवंच.

क्रिंपप्रेमी
आलो मी. मुळात सोल्डर करायचंच कशाला? जिथे कंप असतो तिथे क्रिंप (सोल्डर न करता टूलने वायरवर धातू चेपून केलेला जोड) जास्त टिकतं, गाड्यांच्या वायरिंगमधे सगळीकडे क्रिंपच असतं. सोल्डर वायरमधे चढतं, जिथे संपतं तिथे वायर एकदम कडक ते मऊ अशी बदलते आणि नेमकी तिथेच तुटते.

कथीलकाका
क्रिंपप्रेमी, तुम्ही येणारच होतात 😄. तत्त्व मान्य. पण एक्सटी६० चा मागचा भाग सोल्डर कपच आहे, तो पक्कडीने चेपला तर ते क्रिंप नाही, ती थट्टा. क्रिंपच करायचं तर क्रिंपसाठी बनवलेला कनेक्टर घ्या, अँडरसन पॉवरपोल वगैरे, आणि त्याचं योग्य टूल. साध्या पक्कडीने चेपलेलं क्रिंप हे चांगल्या सोल्डरपेक्षा शंभर वेळा वाईट.

तुटण्याबद्दल मात्र तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आणि त्याचा उपाय ताईंनी अर्धा सांगितलाच आहे, वरची नक्षी दिसत असताना थांबायचं. सोल्डर इन्सुलेशनच्या आत चढता कामा नये. उरलेला अर्धा उपाय म्हणजे स्लीव्ह अशी लांब घ्यायची की ती कपापासून सुरू होऊन इन्सुलेशनवर निदान सेंटीमीटरभर जाईल. वाकणं मग त्या कडक जागेवर न होता पुढे मऊ वायरमधे होतं. आणि बॅटरी काढताना वायरला धरून ओढायचं नाही, कनेक्टरच्या बॉडीला धरून. अर्धे जोड वायर ओढूनच मरतात, सोल्डरचा त्यात दोष नसतो.

क्रिंपप्रेमी
वायर ओढणाऱ्यांबद्दल एकमत. बाकी चर्चा पुढच्या धाग्यावर.

नवशिका_चार
मधेच विचारतो, लेड फ्री (शिसं नसलेलं) सोल्डर घेतलंय, चालेल ना? जोड चमकतच नाही, राखाडी दिसतो. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) झालं का?

ओहमदेव
चालेल, पण शिकताना कशाला अवघड करून घेताय. लेड फ्रीमधलं नेहमीचं एसएसी३०५ साधारण २१७ ते २२० डिग्रीला वितळतं, म्हणजे ६३/३७ पेक्षा ३५ डिग्री वर, आणि पसरतंही जरा नाखुषीने. ते चांगलं बसलं तरी थोडं मंदच दिसतं, त्यामुळे चमक बघून निकाल लावू नका. कडा बघा. सोल्डर कपाच्या भिंतीला आणि वायरला पसरत जाऊन कडेला पातळ होत संपत असेल तर जोड झालाय. कडा फुगून आत वळलेली असेल, थेंब ठेवल्यासारखी, तर ते नुसतं चिकटलंय.

६३/३७ चा फायदा असा की ते द्रवातून थेट घट्ट होतं. ६०/४० मधे १८३ ते साधारण १९० च्या मधे काही डिग्री ते ना धड पातळ ना घट्ट असतं, तेवढ्यात वायर हलली की दाणेदार जोड. फरक थोडाच आहे पण नवख्या हाताला जाणवतो.

लेडवाल्याचं पथ्य साधं आहे. या तापमानाला शिसं वाफ होऊन नाकात जात नाही, ते हाताला लागून तोंडात जातं. काम झालं की साबणाने हात धुवायचे आणि काम करताना खाणं पिणं बंद. वर येणारा धूर फ्लक्समधल्या राळेचा असतो, तोही चांगला नाहीच, दम्याच्या लोकांना तर नाहीच नाही. लहान पंखा धूर बाजूला ओढेल असा ठेवा, जोडावर वारा मारेल असा नको.

कथीलकाका
डबीतल्या पेस्टचं राहिलं. डबीवर रोझिन (राळ) लिहिलं असेल तर वापरा. काहीच लिहिलं नसेल, किंवा झिंक क्लोराइड लिहिलं असेल, किंवा ती नळ नि पत्र्याच्या कामाची असेल, तर वायरिंगला लावायची नाही. सोल्डर सुरेख पसरतं तिच्याने, तिथेच माणूस फसतो. मागे राहिलेला अंश ओलावा धरतो आणि तारांच्या मधे जाऊन तांबं खात बसतो, काही महिन्यांनी स्लीव्ह कापून बघा, आत हिरवं. सोल्डरच्या तारेत मधे रोझिन भरलेलं असतंच, नव्या वायर आणि नव्या कनेक्टरला ते पुरतं. जुनी काळपट वायर असेल तर वेगळं रोझिन फ्लक्स जरूर लावा. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या.

बिट काळं पडलं असेल तर त्यावर सोल्डर धरत नाही आणि उष्णताही जात नाही. पितळी जाळीत पुसा, लगेच सोल्डर लावा. ठेवताना पण सोल्डर लावूनच ठेवायचं. सँडपेपर नको, वरचा लोखंडी मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमधे विरघळत जातं.

नवशिका_चार
धन्यवाद. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपच्या १८६५० (नळकांड्यासारख्या लिथियम) सेल पण आहेत, त्यांचा पॅक करायचाय, सेलवर डायरेक्ट वायर सोल्डर केली तर? एवढं ६० वॅटचं आयर्न आहेच आता.

तारामती
नको. सेलच्या आत इलेक्ट्रोडच्या मधे जो पातळ सेपरेटर असतो तो पॉलिइथिलीनचा असेल तर १३० डिग्रीच्या आसपास मऊ पडतो, आणि तुम्ही टोकावर टेकवताय चारशेचं बिट. निगेटिव्ह बाजूचा तर सगळा डबाच उष्णता ओढतो, त्यामुळे वेळही जास्त लागतो. लगेच काही दिसणार नाही, सेल चालेल पण, आतून काय झालंय ते कळायला मार्ग नाही, तीच भीती. निकेल पट्टी स्पॉट वेल्डरने लावतात, वेल्ड काही मिलिसेकंदांत होतं. ते नसेल तर टॅब लावलेल्याच सेल घ्या, सोल्डर टॅबच्या टोकाला करा, सेलपासून लांब. आणि जुन्या लॅपटॉपच्या सेल हा वेगळाच विषय आहे, त्यासाठी नवीन धागा काढा, इथे दगडरावांचं राहून जाईल.

उडता_दगड
अपडेट. मित्राचं आयर्न आणलं, २० व्होल्टवर चालवलं, ३ मिमी चपटं बिट, ३८० डिग्री. अहो हे वेगळंच जग आहे! कपात सोल्डर पाण्यासारखं पसरलं, वायर ताईंनी सांगितलं तशी आधी अडली आणि मग खाली बसली. दुसरा कनेक्टर आत घालून ठेवल्यामुळे पिन जागची हलली नाही. पक्कडीने ओढून बघितलं, नाही निघत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आता प्रश्न बॅटरीचा. डीन्स कापून टाकायचा आणि दोन्ही वायर सोलायच्या, बरोबर?

तारामती
थांबा थांबा थांबा. दोन्ही वायर एकदम कापायच्या नाहीत आणि दोन्ही सोलायच्या तर नाहीतच नाहीत.

कटर हा धातूचा असतो. दोन्ही वायर एका पक्कडीत धरून कापल्या की त्याची दोन पाती म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमधला पूल झाला. ३एस पॅक भरलेला असेल तर १२.६ व्होल्ट, आतला एकूण रेझिस्टन्स समजा १५ मिलिओहम, भागून बघा, ८४० अँपिअर येतात. प्रत्यक्षात थोडे कमी जातील पण कटरच्या पात्यात खड्डा पडायला आणि वितळलेलं तांबं डोळ्याकडे यायला तेवढे पुष्कळ झाले.

असं करा. पॅक स्टोरेज व्होल्टेजला आणा, सेलला ३.८ च्या आसपास. याने शॉर्टचा करंट फारसा कमी होत नाही हे लक्षात ठेवा, पण काही बिघडलंच तर आत साठलेली ऊर्जा कमी असते. अंगठी, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. टेबल लाकडी किंवा सिलिकॉन मॅट, पत्र्याचा ट्रे नको. चष्मा घाला. बॅटरी शक्य तितकी लांब आणि आयर्नच्या स्टँडपासून दुसऱ्या बाजूला.

काळी वायर कापा. फक्त काळी. लाल अजून डीन्समधेच सुरक्षित आहे. काळी सोला, स्लीव्ह ओवा, टिन करा, एक्सटी६० च्या उणे चिन्हाच्या कपात बसवा. चिन्ह प्लास्टिकवर कोरलेलं असतं, ते दोनदा वाचा, मग तिसऱ्यांदा वाचा. थंड झालं की स्लीव्ह पुढे ओढून आवळा, म्हणजे काळ्याचं काहीही उघडं राहिलं नाही. त्यानंतरच लाल कापायची आणि तेच सगळं पुन्हा. लाल सोलल्यापासून जोडून झाकेपर्यंत तिचं टोक मोकळं असतं तेवढा वेळ एकाग्रतेचा, फोन आला तर वाजू दे.

आत घातलेला जोडीदार कनेक्टर कोरा हवा असं म्हटलं होतं ते यासाठी. त्याला वायर असतील आणि त्या पलीकडे एकमेकींना लागल्या असतील तर लाल जोडताक्षणी शॉर्ट.

ओहमदेव
ताईंच्या सांगण्यात एक भर. बऱ्याच आयर्नचं बिट अर्थिंगला जोडलेलं असतं. एका वायरला बिट लागलं तर काही होत नाही, पण त्याच वेळी दुसरं टोक अर्थ असलेल्या कशाला लागलं तर बिटातूनच शॉर्ट. दुसरी वायर झाकलेली असेल तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून एका वेळी एक.

आणि बॅलन्सची (चार्ज करताना प्रत्येक सेल सारखी भरायची) पांढरी छोटी जेएसटी एक्सएच पिन जशी आहे तशी राहू दे, तिला कात्री लावू नका. लक्षात ठेवा की तिच्यात पूर्ण पॅकचे व्होल्ट असतात.

उडता_दगड
बापरे. बरं झालं विचारलं. बॅटरीला मेल लावायचा की फिमेल? माझ्याकडे जोड्या आहेत त्यामुळे दोन्ही आहेत.

कथीलकाका
ज्याच्यात धातू आत लपलेला आहे, म्हणजे नळ्या, तो बॅटरीला. उघड्या पिना विमानाच्या बाजूला. वीज जिकडून येते तिकडे उघडा धातू नको, एवढंच.

उडता_दगड
झालं! दोन पॅक केले, एक एक वायर, घाम फुटला होता पण झालं. अजून विमानाला जोडलेलं नाही. तपासायचं कसं? मल्टीमीटर ओहमवर ठेवून जोडाचा रेझिस्टन्स बघू का?

ओहमदेव
बॅटरीला जोडलेल्या कशावरही मीटर ओहमवर लावायचा नाही. डीसी व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब अधिकवर, काळा उणेवर, आकड्याच्या आधी वजा आला नाही म्हणजे पोलॅरिटी बरोबर. विमानाच्या बाजूची वायर करताना मात्र, बॅटरी नसताना, दोन पिनांमधे बीप मोडवर बघा. ईएससी लावलेला असेल तर कपॅसिटरमुळे क्षणभर बीप येऊन थांबेल, ते ठीक. सतत बीप म्हणजे शॉर्ट.

जोडाचा रेझिस्टन्स साध्या मीटरला दिसणारच नाही, आपण अर्ध्या एक मिलिओहमबद्दल बोलतोय. त्यासाठी करंट सोडून व्होल्ट मोजायचे. समजा चार्जर १० अँपिअरने डिस्चार्ज किंवा कुठला तरी लोड १० अँपिअर ओढतोय. मीटर मिलिव्होल्टवर, एक प्रोब कपाजवळच्या वायरवर, दुसरा जोडीदार कनेक्टरच्या मागे त्याच पिनवर. अर्धा मिलिओहम असेल तर ५ मिलिव्होल्ट येतील. दोन्ही पिनांची तुलना करा, एकीकडे ५ आणि दुसरीकडे ३० आले तर ३० वाला जोड पुन्हा करा.

त्याचं कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ४० अँपिअरला अर्ध्या मिलिओहमवर ०.८ वॅट, कळणारही नाही. ५ मिलिओहमवर तेच ८ वॅट, आणि एवढ्याशा नायलॉनच्या तुकड्यात ८ वॅट म्हणजे आयर्न लावूनच उडवताय.

रिकामटेकडा
माझ्याकडे तापमान मोजायची गन आहे, ती रोखली की झालं की.

ओहमदेव
चकचकीत धातूवर ती चुकीचं, बरंच कमी दाखवते. वर काळी टेप चिकटवून टेपवर रोखा. किंवा उतरल्यावर बॅटरी काढून बोट लावा, दोन वायरपैकी एकीचा जोड जास्त गरम लागला की समजायचं.

उडता_दगड
मिलिव्होल्टचं केलं, ६ आणि ७ आले. उडवून पण आलो, दोन्ही बाजू सारख्याच कोमट. फक्त जोडताना टिक् असा आवाज आणि बारीक ठिणगी येते. हे सोल्डरमुळे का?

कथीलकाका
नाही, ते ईएससीतले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून. ३एस, ४एसला चालायचंच, मन घट्ट करून एका झटक्यात पूर्ण आत ढकला, अर्धवट टेकवत बसलात तर पिनेच्या टोकाला खड्डे पडतात. ६एस किंवा वर गेलात की एक्सटी९० एस बघा, त्यात आधी एक रेझिस्टर लागतो आणि मग मुख्य संपर्क, ठिणगी येत नाही. पण एक्सटी९० च्या पिना ४.५ मिमीच्या, त्यावर येणारी वायर १० किंवा १२ गेज, तेव्हा आत्ताच्या बिटापेक्षा रुंद, ५ मिमीच्या आसपासचं बिट जवळ ठेवा.

क्रिंपप्रेमी
कापलेले डीन्स टाकू नका. चार्जरला कोणाची जुनी बॅटरी लावायची वेळ येते तेव्हा डीन्स ते एक्सटी६० ची छोटी वायर लागते. (हो, सोल्डर केलेली. लिहितानाही त्रास होतोय.)

तारामती
आणि नवशिका_चार, तुम्ही सुरुवात त्या छोट्या वायरपासून करा. दोन्ही टोकं सोल्डर करावी लागतात, बॅटरी कुठेच नसते, बिघडली तर फक्त वायर जाते. फक्त डीन्सच्या पत्त्या उघड्या असतात, आधी पत्तीवर सोल्डरचा थर द्या, वायर वर आडवी ठेवा आणि तिथेही जोडीदार घालून ठेवा, डीन्सचं प्लास्टिक पण तापलं की पत्ती सोडतं.

नवशिका_चार
ताई, चपटं बिट मागवलंय. लेड फ्री बाजूला ठेवतो.